लोकदरबारांतील वकील



पेशवाईच्या काळांत दिल्लीच्या बादशाही दरबारीं मराठ्यांचे वकील म्हणून हिंगणे घराण्यांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या राहत असत. येथें वकील म्हणजे कोर्टांत अशिलाची बाजू लढविणारा कायदेपंडित नव्हे. एका सत्तेनें दुसऱ्या सत्तेच्या दरबारीं ठेवलेला आपला विश्वासू माणूस, असा त्या शब्दाचा त्या वेळीं अर्थ होता. धन्याची बाजू दरबारांत मांडणें हें या वकिलाचें अर्धेंच काम. दिल्लींत कोण वर चढत आहे, कोण रुसून बसला आहे, आपल्याविषयीं तेथें काय बोललें जातें, हें सारें पत्रानें पुण्यास कळविणें हें त्याचें उरलेलें अर्धें काम. हिंगण्यांचीं तीं पत्रें आज छापून प्रसिद्ध झालेलीं आहेत. तीं चाळतांना मनांत येतें, कीं वकिलाचें मोल त्याच्या वक्तृत्वावर जितकें अवलंबून, त्याहून अधिक तें त्याच्या पत्राचें धनी काय करतो यावर अवलंबून असतें. जो धनी वकिलाला बोलूं देतो, पण त्याचें पत्र वाचीत नाहीं, त्यानें वकील ठेवला काय आणि भाट ठेवला काय, सारखेंच.

या जुन्या गोष्टीची आठवण होण्याचें कारण असें, कीं आजच्या प्रत्येक मोठ्या उद्योगसंस्थेंत असा एक वकील बसलेला असतो. त्याच्या खात्याला कोठें जनसंपर्क विभाग म्हणतात, तर कोठें पब्लिक अफेअर्स, म्हणजे सार्वजनिक व्यवहार विभाग म्हणतात. सरकार, वृत्तपत्रें, कामगार, कारखान्याच्या आसपासचीं गांवें आणि एकंदर जनता यांच्याशीं संस्थेचा जो संबंध येतो, तो या खात्याकडे असतो. हें खातें कसें जन्मास आलें, तें कसकसें पालटत गेलें, आणि त्याच्या भल्याबुऱ्याशीं आपल्यासारख्या सामान्य गृहस्थांचा काय संबंध, एवढेंच आज आपणांपुढें मांडण्याचा विचार आहे.

या खात्याची जन्मभूमि अमेरिका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें रेल्वे, तेल, पोलाद यांच्या प्रचंड कंपन्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या चालकांना आपण कोणाला उत्तर देणें लागतों ही कल्पनाच शिवत नव्हती. १८८२ सालीं न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेचे धनी विल्यम व्हॅंडरबिल्ट यांना वार्ताहरांनीं लोकांच्या सोयीविषयीं छेडलें, तेव्हां जनता गेली खड्ड्यांत, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले. ते शब्द त्यांच्या नांवाला कायमचे चिकटले. परंतु असें बोलून निभावण्याचे दिवस लवकरच संपले. १९०२ पासून आयडा टार्बेल या विदुषीनें मॅक्ल्युअर्स मासिकांतून रॉकफेलर यांच्या स्टॅंडर्ड ऑइल कंपनीचा इतिहास क्रमशः प्रसिद्ध केला. कागदपत्रांच्या आधारें लिहिलेल्या त्या लेखमालेनें लोकमत पेटलें, आणि १९११ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें त्या कंपनीचे ३४ तुकडे करण्याचा निकाल कायम केला. लोकमत ही केवळ वाऱ्यावरची बडबड नसून तिच्या पाठीमागें कायद्याचा हात येऊं शकतो, हा धडा धनिकांना तेव्हां मिळाला. भीति ही या खात्याची खरी जननी होय, असें म्हटल्यास तें चुकीचें होणार नाहीं.

या भीतीच्या वातावरणांत आयव्ही ली नांवाचा एक तरुण पत्रकार पुढें आला. १९०६ सालीं कोळसा-खाणवाल्यांच्या वतीनें काम करीत असतां त्यानें संपादकांकडे एक जाहीरनामा धाडला. आपण लपून काम करीत नाहीं, विकत घेतलेली स्तुति छापा असें म्हणत नाहीं, तर लोकांना जाणण्याजोगी माहिती त्वरित आणि अचूक पुरवूं, असा त्याचा आशय होता. तोंडाला कुलूप लावून बसणाऱ्या त्या काळच्या धनिकांत हें बोलणें खरोखर नवें होतें. येथून संस्थांना जीभ फुटली, असें म्हणतां येईल. परंतु नुसती जीभ किती अनर्थ करते, हें त्याच गृहस्थाच्या हातून आठ वर्षांनीं जगास दिसावयाचें होतें.

कोलोरॅडो प्रांतांत रॉकफेलर यांचें वर्चस्व असलेली एक कोळसा व पोलाद कंपनी होती. तिच्या खाणकामगारांनीं संप केला. कंपनीच्या मालकीच्या घरांतून त्यांना बाहेर काढण्यांत आलें, म्हणून ते लडलो या ठिकाणीं तंबू ठोकून राहिले. २० एप्रिल १९१४ रोजीं लष्करी शिबंदीनें त्या वस्तीवर हल्ला केला आणि तंबू पेटले. गोळ्या चुकविण्यासाठीं एका तंबूखालच्या खड्ड्यांत दडलेल्या दोन बायका आणि अकरा मुलें गुदमरून मेलीं. देशभर संतापाची लाट उसळली, आणि रॉकफेलरांनीं ली याला पाचारण केलें. त्यानें खाणवाल्यांची बाजू मांडणारीं पत्रकें देशभर धाडलीं. त्यांत कामगार-पुढाऱ्यांच्या पगाराचे भलतेच फुगविलेले आंकडे होते. वर्षभराची रक्कम कांहीं आठवड्यांची म्हणून छापलेली होती. पुढें चौकशी-मंडळापुढें त्याला विचारण्यांत आलें, कीं हे आंकडे तुम्ही पडताळून पाहिले होते काय? खाणवाल्यांनीं जें दिलें तेंच आपण छापलें, अशी कबुली त्याला द्यावी लागली. अचूक माहितीची प्रतिज्ञा करणारा मनुष्य आठ वर्षांत धन्याचा भाट होऊन बसला! त्यानें खाणींतील माणसांचें ऐकलें नव्हतें, आणि धनी जें बोलला तें खरें कीं खोटें हेंही विचारलें नव्हतें.

याच प्रकरणाचा दुसरा अंक मात्र निराळा आहे. रॉकफेलरांनीं मॅकेंझी किंग यांना, जे पुढें कॅनडाचे पंतप्रधान झाले, सल्ल्यासाठीं बोलाविलें. १९१५ च्या सप्टेंबरांत धाकटे रॉकफेलर स्वतः कोलोरॅडोला गेले, खाणींत उतरले, कामगारांच्या घरीं बसले. कामगारांचे प्रतिनिधि आणि चालक यांची संयुक्त योजना आंखली गेली. ती योजना अपुरी होती, कारण प्रतिनिधींच्या हातीं खरी सत्ता नव्हती. कंपनीच्या पंखाखालीं चालणाऱ्या असल्या कामगारसंघांना १९३५ च्या कायद्यानें अमेरिकेंत मनाईच झाली. तरीही पत्रकें धाडून जें साधलें नाहीं, त्याचा थोडा अंश खाणींत उतरल्यानें साधला, ही नोंद महत्त्वाची आहे.

ली याच्या उदाहरणावरून या धंद्याचें तत्त्वच खोटें, असें कोणी म्हणेल. पण तसें म्हणणें अन्यायाचें होईल. १९२७ सालीं अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीनें आर्थर पेज या संपादकाला आपल्याकडे बोलाविलें. नुसती प्रसिद्धि करावयाची असेल तर मला येणें नाहीं. कंपनीची नीति ठरवितांना माझें म्हणणें विचारांत घेणार असाल तर येतों, अशी त्याची अट होती. ती मान्य होऊन तो उपाध्यक्ष झाला आणि १९४६ पर्यंत त्या जागेवर राहिला. लोकशाही देशांत प्रत्येक धंदा लोकांच्या परवानगीनें सुरू होतो आणि लोकांच्या पसंतीनेंच टिकतो, असें त्याचें सांगणें असे. यांतील मर्म असें, कीं निर्णय झाल्यावर त्याला साजशृंगार करणारा माणूस तो नव्हता. निर्णय होत असतांना लोक काय म्हणतील, आणि तें म्हणणें रास्त असेल काय, हें सांगणारा होता. दिल्लीच्या वकिलाचें पत्र येथें प्रथमच चालक-मंडळाच्या मेजावर उघडलें गेलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर या खात्यानें आणखी एक कूस पालटली. सरकारचा हात उद्योगाच्या प्रत्येक अंगाला स्पर्श करूं लागला. कर, कामगार, सुरक्षितता, आणि १९७० नंतर हवा-पाण्याची शुद्धता, या सर्वांचे कायदे होऊं लागले. तेव्हां वृत्तपत्रांपेक्षां कायदेमंडळाकडे अधिक लक्ष देणें संस्थांना भाग पडलें. असें काम पाहणाऱ्यांची एक संघटना अमेरिकेंत १९५४ सालीं निघाली आणि पुढें तिचें नांवच पब्लिक अफेअर्स कौन्सिल असें पडलें. नांव बदललें तसें कामाचें स्वरूपही व्यापक झालें. लोक काय बोलतात हें जाणून घेण्याची गरज आतां सर्वांनाच पटली.

परंतु ऐकण्याचेही दोन प्रकार असतात. १९६५ सालीं राल्फ नेडर या तरुण वकिलानें अमेरिकन मोटारींच्या रचनेंतील धोके दाखविणारें पुस्तक लिहिलें. जनरल मोटर्ससारख्या जगड्व्याळ कंपनीनें त्या टीकेला उत्तर देण्याऐवजीं त्याच्या मागें खाजगी गुप्तहेर लावले. त्याच्या खाजगी आयुष्यांत कांहीं वैगुण्य सांपडतें काय, याचा शोध चालविला. प्रकरण बाहेर फुटलें, आणि मार्च १९६६ मध्यें कंपनीच्या अध्यक्षांना सीनेटच्या समितीपुढें उभें राहून नेडरची जाहीर क्षमा मागावी लागली. त्याच वर्षीं मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. येथें कंपनीला कान होते. पण ते वकिलाचे नव्हते, हेराचे होते. वकील ऐकतो तें धन्याची चूक धन्याला कळावी म्हणून; हेर ऐकतो तें दुसऱ्याचें व्यंग धन्याच्या हातीं लागावें म्हणून. या दोघांचे कान सारखेच तीक्ष्ण असले, तरी त्यांचीं फळें अगदीं भिन्न असतात.

हा झाला परदेशचा इतिहास. आतां आपल्या घरीं येऊं; कारण याच प्रश्नाचीं दोन मोठीं प्रकरणें महाराष्ट्राच्या भूमीवर, एक सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि दुसरें कोंकणच्या किनाऱ्यावर, घडलेलीं आहेत.

१९०७ सालीं टाटांना पोलादाच्या कारखान्यासाठीं भांडवल हवें होतें. लंडनच्या पेठेंत अनुकूलता दिसेना, तेव्हां त्यांनीं स्वदेशीच्या भरांत असलेल्या आपल्याच देशबांधवांपुढें पदर पसरला. मुंबईंतील त्यांच्या कचेरीपुढें सकाळपासून रात्रीपर्यंत गर्दी लोटली आणि तीन आठवड्यांच्या आंत सुमारें ८,००० हिंदी लोकांनीं सगळें भांडवल उभें केलें. लोकांच्या विश्वासावर उद्योग उभा राहतो, याचें याहून मोठें उदाहरण आपल्याकडे क्वचितच सांपडेल. परंतु त्याच घराण्याच्या वीज कंपनीनें मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठीं मुळशी येथें धरणाचें काम हातीं घेतलें, तेव्हां काय झालें? सुमारें पन्नास गांवांच्या भातजमिनींवर पाणी चढणार होतें. जमिनी घेण्यासाठीं सरकारचा १८९४ चा कायदा हाताशीं होता, म्हणून मावळ्यांच्या संमतीची गरज कोणाला वाटली नाहीं. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. त्यांचें समाधान नुकसानभरपाईनें होण्याजोगें होतें. पण जो पिढ्यान्‌पिढ्या तें खाचर कसत आला, त्याच्याशीं बोलण्यास कोण गेलें?

१६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांनीं त्याचें नेतृत्व केलें, आणि याच लढ्यांत त्यांना सेनापति ही पदवी लोकांनीं दिली. तीन वर्षें लढा चालला. माणसें तुरुंगांत गेलीं, अखेर धरण झालें आणि गांवें बुडालीं. शहरांतील भागधारकांपुढें जी संस्था हात जोडून उभी राहिली, तिचा शब्द घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्यापर्यंत कायद्याच्या नोटिशीच्या रूपानें पोंचला. याचें कारण संस्थेचा दुष्टपणा नव्हे. ज्याच्या हातीं देण्याजोगें कांहीं आहे, त्याचें आपण ऐकतों. ज्याच्याकडून कायद्यानें घेतां येतें, त्याचें ऐकण्याची तसदी आपण घेत नाहीं, हा मनुष्यस्वभाव आहे. टाटांनीं जनसंपर्काचा स्वतंत्र विभाग मुंबईंत काढला तो १९४३ सालीं. मुळशीच्या वेळीं असा विभाग असता तर धरण थांबलें असतें, असें कोणी म्हणणार नाहीं. पण एखादें पत्र तरी घाटावरून मुंबईस गेलें असतें.

दुसरें प्रकरण आपल्यापैकीं पुष्कळांच्या स्मरणांतलें आहे. १९९२ च्या जूनमध्यें एन्‌रॉन या अमेरिकन कंपनीचा महाराष्ट्राच्या वीज मंडळाशीं दाभोळच्या प्रकल्पासंबंधीं प्राथमिक करार झाला, आणि डिसेंबर १९९३ मध्यें वीजखरेदीचा करार पुरा झाला. जागतिक बँकेनें १९९३ सालींच या प्रकल्पाला कर्ज नाकारलें होतें. पुण्याच्या प्रयास या संस्थेनें आंकडेमोड करून हा सौदा महाग पडेल असें दाखवून दिलें. गुहागर तालुक्यांतील वेलदूर, अंजनवेल, रानवी या गांवांतील लोक जमीन, पाणी आणि मासेमारी यांच्या काळजीनें रस्त्यावर आले. म्हणजे बाहेरून पत्रें येत नव्हतीं असें नाहीं. तीं ढिगानें येत होतीं. पण कंपनीच्या सार्वजनिक व्यवहाराची दिशा कोणती होती? १९९५ च्या आरंभीं अमेरिकन काँग्रेसच्या एका समितीपुढें कंपनीच्या अधिकाऱ्यानें सांगितलें, कीं हिंदुस्थानांतील लोकांच्या शिक्षणावर आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर सुमारें दोन कोटि डॉलर खर्च झाले. शिक्षण या एका शब्दानें महाराष्ट्रांत गहजब उडाला. हा रीतसर खर्च होता, असें कंपनीचें म्हणणें पडलें. लांचलुचपतीचा आरोप कोर्टांत शाबीत झाला नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे. परंतु आरोप बाजूला ठेवला तरी तो शब्द स्वतःच बोलका आहे. शिकविणारे आपण आणि शिकणारे ते, असें एकदां ठरलें म्हणजे ऐकण्याचा प्रश्नच उरत नाहीं.

१९९५ च्या ऑगस्टमध्यें राज्य सरकारनें करार रद्द केला, पुढें वाटाघाटी होऊन तो पुन्हां जिवंत झाला, आणि मे १९९९ मध्यें पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. आंदोलकांवर पोलिसांनीं केलेल्या जुलमाचा अहवाल त्याच वर्षीं ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनें जगापुढें ठेवला. वीज इतकी महाग पडूं लागली, कीं ती विकत घेणें मंडळाला झेपेना; मे २००१ मध्यें केंद्र बंद पडलें, आणि डिसेंबर २००१ मध्यें खुद्द एन्‌रॉन कंपनी अमेरिकेंत दिवाळखोरींत निघाली. तिच्या दिवाळखोरीचें कारण हिशेबांतील लबाडी हें होतें, दाभोळ हें नव्हे. पण टीका ऐकावयाची नाहीं, ती करणाऱ्याला अडाणी ठरवावयाचें, ही जी खोड दाभोळला दिसली, ती घरच्या हिशेबांतही तिला भोंवली असावी, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

मग या शंभर-सवाशे वर्षांत पालटलें तें काय? एक गोष्ट निश्चित पालटली: जें पूर्वीं संस्थेच्या मर्जीवर होतें, त्यांतील बरेंचसें कायद्यानें बांधून टाकलें आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चण्याचा दंडक घातला. त्याच वर्षीं १८९४ चा भूमिसंपादन कायदा जाऊन नवा आला, आणि खाजगी कंपनीसाठीं सरकारला जमीन घ्यावयाची असेल तर बाधित कुटुंबांपैकीं ८० टक्क्यांची संमति हवी, असें त्यांत लिहिलें गेलें. पुढें निरनिराळ्या राज्यांनीं त्याला अपवाद जोडले, हें खरें. तरी मुळशीच्या मावळ्यांनीं जो प्रश्न विचारला होता, त्याचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत उतरावयास बाण्णव वर्षें लागलीं. २०२१ सालीं सेबीनें बाजारांतील पहिल्या १,००० कंपन्यांना पर्यावरण, कामगार आणि समाज यांच्याविषयींच्या आपल्या वर्तनाचा अहवाल देण्यास सांगितलें. सार्वजनिक व्यवहाराचें खातें आज या सर्वांच्या मध्यभागीं बसलेलें आहे.

पण कायदा संस्थेला बोलावयास लावतो. ऐकावयास लावणें त्याला कठीण जातें. दोन टक्क्यांतून शाळा बांधून तिच्यावर आपल्या नांवाची पाटी लावणें सोपें. त्याच शाळेंतील मुलांच्या आयांनीं कारखान्याच्या सांडपाण्याविषयीं केलेली तक्रार चालक-मंडळापुढें वाचून दाखविणें अवघड. अहवाल गुळगुळीत कागदावर छापून निघतो, आणि भाट पुन्हां नव्या पोशाखांत दरबारांत येऊन उभा राहतो. म्हणून एखाद्या संस्थेच्या या खात्याची परीक्षा करावयाची असेल, तर त्यानें बाहेर काय सांगितलें हें विचारूं नये. त्याच्या सांगण्यावरून संस्थेनें आपला कोणता बेत बदलला, हें विचारावें. उत्तर जर एकही नाहीं असें आलें, तर तेथें वकील नाहीं असें खुशाल समजावें.

आणि ही परीक्षा आपणच करावयाची आहे. आपल्यापैकीं अनेक जण अशा संस्थांचे भागधारक आहेत, कित्येक त्यांच्या कचेऱ्यांत काम करतात, आणि त्यांचा माल तर आपण सर्वच वापरतों. मुळशीचें पाणी आजही घाटाखालीं भिऱ्याच्या वीजघरांत उतरतें आणि तेथील वीज मुंबईकडे जाते. संध्याकाळीं मुंबईच्या घरांत दिवे लागतात, त्यांत थोडा उजेड त्या बुडालेल्या खाचरांचा असतो. त्या उजेडांत बसणाऱ्यांनीं निदान एवढें तरी विचारावें, कीं पुढच्या धरणाच्या, पुढच्या कारखान्याच्या वेळीं तेथील माणसांकडे कोण गेला होता, आणि त्यानें परत येऊन काय सांगितलें?